कौतुकाला दिशा हवी

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले तरुण चित्रकार सय्यद हैदर रझा १९४८ साली काश्मीरमध्ये निसर्गचित्रे रंगवीत होते. श्रीनगर येथे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहिली. प्रतिभा आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र रचनेचा पाया कच्चा असल्याचे सांगून सेझानचा अभ्यास सुचविला. नुसत्या स्तुतीने रझा सुखावले असते, नुसत्या टीकेने कदाचित खचले असते. ते फ्रेंच शिकले, १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये तेथील समीक्षकांच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. घरातील मूल चित्र दाखवावयास येते, तेव्हा केवळ ‘छान’ म्हणून वही मिटू नये. काय साधले आणि पुढे काय अभ्यासावे, हेही सांगावे.