योगवर्गात सक्ती नको

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर घेतलेली उचल फेडण्यासाठी गाव सोडतात. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिला मजुरांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीही हा जिल्हा होरपळला आहे. अशाच घरांतील मुले २१ जूनच्या योगदिनी शाळेच्या पटांगणात रांगेने बसतात.

‘डोळे मिटा’ हा आदेश इतरांना विसावा देतो; परंतु ज्याने घरातील मृत्यू पाहिला, त्याच्यापुढे मिटल्या डोळ्यांआड तेच दृश्य उभे राहू शकते. पाठ सरळ करणारा शिक्षकाचा हातही एखादीला दचकवतो. म्हणून डोळे उघडे ठेवण्याची मुभा असावी, स्पर्शापूर्वी विचारावे, आणि मध्येच उठणाऱ्यास बेशिस्त ठरवू नये. पतंजलीनेही आसनात स्थैर्याइतकेच सुख अपेक्षिले आहे.

या सुधारणेस पैसा लागत नाही. लागते ती शिक्षकाची समज. मात्र योगाने उचलीचा बोजा उतरत नाही. तो प्रश्न मजुरीचा व आरोग्यसेवेचा आहे. मन शांत करण्याच्या नावाखाली अन्याय मुकाट्याने सोसण्यास शिकवणे, हे योगाचे प्रयोजन खचितच नव्हे.