योगवर्ग नको, माणूस द्या

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थंबरलंडमधल्या ब्लाइथ व्हॅली भागात, जॉन वॉकर नावाचे गृहस्थ कौन्सिलच्या समाजकल्याण खात्यात अधिकारी होते. हाताखाली चार पथकं आणि काम मुख्यतः मुलांच्या छळाच्या तक्रारींचं. वस्ती वाढली, तक्रारी वाढल्या, माणसं मात्र तेवढीच राहिली. माणसं द्या, भागाची नव्याने विभागणी करा, असं वॉकर वरिष्ठांना सांगत राहिले. काही हललं नाही. १९८६च्या नोव्हेंबरअखेरीस ते कोसळले. झोप उडाली, डोकं ठणकू लागलं, रडू आवरेना.

१९८७च्या मार्चमध्ये ते कामावर परतले ते मदतीचं आश्वासन घेऊन. ती मदत महिन्याभरात काढून घेतली गेली. रजेच्या काळातलं तुंबलेलं काम टेबलावर होतंच. सप्टेंबरात ते दुसऱ्यांदा कोसळले आणि १९८८च्या फेब्रुवारीत कौन्सिलने त्यांना प्रकृतीच्या कारणावरून नोकरीतून काढून टाकलं. वॉकर कोर्टात गेले. १९९४च्या निकालात न्यायाधीशांनी एक बारीक पण मोलाचा फरक केला. पहिल्या आजाराची कल्पना कौन्सिलला आली नसेल, हे त्यांनी मान्य केलं. पण एकदा कोसळलेल्या माणसाला त्याच ओझ्याखाली पुन्हा उभं केलं, तर पुढे काय होईल हे न कळायला मालक काही तान्हं बाळ नव्हे. कामाच्या ताणाने झालेल्या मानसिक आजाराबद्दल मालकाला जबाबदार धरणारा ब्रिटनमधला हा पहिला गाजलेला निकाल. प्रकरण पुढे १ लाख ७५ हजार पौंडांवर मिटलं.

वॉकर यांनी ध्यानधारणेचा वर्ग मागितला नव्हता. माणसं मागितली होती.

तीस वर्षांनंतर ब्रिटनमधल्या कचेऱ्यांत फिरलं तर हा मुद्दा सोयीस्करपणे विसरला गेलेला दिसतो. स्वयंपाकघरात फळांची परडी, बुधवारी दुपारी योगवर्ग, फोनवर मन शांत करणारं ॲप, आणि ‘कणखर कसं व्हावं’ यावर एक ऑनलाइन कार्यशाळा. ती बहुधा जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे जेवण बुडवून. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. हा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग यांत भाग घेणारे लोक भाग न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आहेत, असं त्यात दिसलं नाही. अपवाद ठरलं ते एकच: समाजसेवेची संधी.

योगासनांवर इथे राग नाही. प्राणायाम जरूर करावा. पण दोन माणसांचं काम एकावर टाकायचं आणि वर त्यालाच नीट श्वास घ्यायला शिकवायचं, हा शुद्ध कावा आहे. त्यात दुखणं कामाच्या रचनेतून उचलून माणसाच्या स्वभावात नेऊन ठेवलं जातं.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना आणि स्वतःलाही पाहून. त्या दवाखान्यात विझत चालले होते ते कामचुकार नव्हते, सगळ्यात जास्त जीव ओतणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. तिच्या खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल कडवटपणा किंवा तुटलेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. यातली मधली खूण घरच्यांना आधी कळते. एरवी प्रत्येक रुग्णाविषयी हळहळणारी डॉक्टर एक दिवस ‘आणखी एक आला’ असं म्हणते, तेव्हा.

ताण म्हणजे नुसते तास, असंही नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यास हेच सांगतो. त्याच्या १९८५मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १०,३०८ जणांना वर्षानुवर्षं तपासलं. समज असा की हृदयविकार साहेबाला होतो. आकडे उलट निघाले: हुद्दा जितका खालचा, तितका हृदयाचा धोका मोठा. त्यामागचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा नसणं. कोणतं काम आधी करायचं, कधी उठायचं, कशाला नाही म्हणायचं, यातलं काहीच हातात नसलं की माणूस घाण्याचा बैल होतो.

आता ब्रिटनमधल्या मराठी घरांकडे पाहू. इथल्या संगणक क्षेत्रातल्या अनेकांचा दिवस दोन्ही टोकांनी ताणलेला असतो. सकाळी सहाला हिंजवडीचा कॉल, संध्याकाळी सातला न्यू जर्सीचा, आणि मधली आठ तासांची नोकरी लंडनची. त्यात व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला. नोकरी सुटली की व्हिसाची मुदत कापली जाते आणि नवा मालक शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. मुलांची शाळा आणि घराचं भाडं डोळ्यांसमोर असताना ‘एवढं काम मला झेपणार नाही’ हे वाक्य तोंडून कसं निघावं? मराठी माणूस भिडस्त असतो, वगैरे आपण कौतुकाने म्हणतो. यातली निम्मी भीड स्वभावाची नसून व्हिसाची असते.

मायदेशी तर दमण्याची शेखी मिरवली जाते. आठवड्याला ७० तास काम करा, असा सल्ला इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३मध्ये तरुणांना दिला. २०२५च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोच्या प्रमुखांनी तो आकडा ९० वर नेला. या दोन सल्ल्यांच्या मधल्या काळात, जुलै २०२४मध्ये, पुण्यातल्या एका बड्या लेखा संस्थेत लागून जेमतेम चार महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल वारली. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं तिच्या आईने कंपनीला पत्राने कळवलं. कंपनीने ते मानलं नाही. पण कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा त्या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं आढळलं. ज्या कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा लिहिली आहे, त्याच्या दप्तरात ती कचेरीच नव्हती.

आणि हे महाराष्ट्रात! सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. मन खंबीर करा असं त्यांनी कामगारांना सांगितलं नाही, यंत्र थांबवायला सांगितलं. ‘आमच्या वेळी आम्ही राबलोच की’ म्हणणाऱ्या काकांनी ध्यानात घ्यावं, की त्यांच्या वेळच्या रविवारासाठीही आधी कुणीतरी भांडलं होतं.

कमी तासांत धंदा कसा चालेल, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ब्रिटनमध्ये २०२२च्या उत्तरार्धात ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला. पगार पूर्ण, माणसं सुमारे २,९००. ७१ टक्के लोकांत बर्नआउट कमी झाला आणि ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. या कंपन्या स्वतःहून पुढे आलेल्या होत्या, त्यामुळे हे यश सगळीकडे जसंच्या तसं मिळेल असं म्हणणं घाईचं होईल. रुग्णालयातल्या रात्रपाळीला तर हे गणित लागूच पडत नाही; तिथे जास्त माणसं भरणं हाच उपाय. पण फाजील बैठका छाटल्या की किती वेळ मोकळा होतो, एवढं तरी या प्रयोगातून दिसलं.

तोवर हाताशी असलेली हत्यारं तरी माहीत असावीत. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००४पासून मालकांसाठी सहा निकष घालून दिले आहेत: कामाचं ओझं, कामावरचा ताबा, आधार, माणसांचे संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. तक्रार करताना ‘फार ताण आहे’ म्हणण्याऐवजी यातलं नेमकं काय बिघडलंय ते ईमेलने लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. त्यापुढे मिळणाऱ्या ‘फिट नोट’वर टप्प्याटप्प्याने रुजू होणं, कामाचे तास बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं असे पर्याय छापलेले असतात. पण बरेच जण ती घेतात आणि न वाचताच पुढे धाडतात.

इथल्या आपल्या मराठी मंडळात जीपी आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, नोकरीच्या कायद्याचे वकीलही असतील. ढोलताशाच्या सरावासाठी घेतलेल्या हॉलमधला एक तास त्यांना द्यावा आणि त्यांनी तो चिठ्ठीचा कागद सगळ्यांना मराठीत वाचून दाखवावा.