स्वस्त कार्बनला जाब देणारा धनी हवा

माझं सायकलचं दुकान अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात आहे. वडिलांच्या काळात ते भाड्याच्या सायकलींचं होतं; वहीत नाव लिहायचं आणि तासाच्या हिशेबाने पैसे घ्यायचे. आता भाड्याची सायकल कोणी नेत नाही, पण गिअरच्या सायकली दुरुस्तीला येतात आणि अलीकडे त्यात कार्बनच्या फ्रेमही दिसू लागल्या आहेत. बाहेरगावच्या लोकांना याचं नवल वाटतं, मला वाटत नाही. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. महाजन बंधू ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून पूर्ण करून आले. २०१७ मध्ये आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पार केली. सायकल म्हणजे गरिबाचं वाहन ही समजूत त्यानंतर विदर्भातल्या लहान गावांतूनही हलली. आज आमच्याकडे शिक्षक आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, बँकेतली मंडळी आहेत. रविवारी उजाडायच्या आत ते वारीच्या हनुमानाकडे निघतात आणि दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायच्या ‘ब्रेव्हे’ची तयारी करतात.

या लोकांना हलकी सायकल हवी असते. नावाजलेल्या कंपनीची कार्बन सायकल दोन-तीन लाखांच्या पुढे जाते. मग कोणीतरी सांगतं की अगदी तशीच फ्रेम चाळीस-पन्नास हजारांत मिळते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अलीएक्सप्रेसवर बंदी घातली आणि चीनमधून थेट मागवायचा सोपा रस्ता बंद झाला. माल मात्र थांबला नाही, तो तीन-चार हातांतून फिरून येऊ लागला. पुण्या-मुंबईतला कोणी मागवतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतो, पार्सल अकोल्यात उतरतं. बिल नसतं. फ्रेमवर कधी काहीच नाव नसतं, कधी दुसऱ्याच बड्या कंपनीचं नाव छापलेलं असतं.

स्वस्त कार्बनशी माझं वैर नाही. नामांकित कंपन्यांच्या कितीतरी फ्रेम चीन आणि तैवानमध्येच बनतात, आणि तिथल्या काही कमी ओळखीच्या कारखान्यांचं चांगलं कामही माझ्या हाताखालून गेलं आहे. माझी तक्रार निनावी मालाबद्दल आहे. जिच्यावर बसून माणूस उतारावरून ताशी पन्नासच्या वेगाने जातो, त्या वस्तूमागे नाव-पत्ता असलेला कोणीतरी उभा असलाच पाहिजे.

मागच्या पावसाळ्यानंतर एक शिक्षक नवीकोरी सायकल घेऊन आले. “भाऊ, पायडल मारलं का कटकट वाजते. नवी हाये ना बा! पाहा बरं काय झालं थे.” क्रँक काढला, बीबीचे, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगचे, कप ठोकून बाहेर घेतले. ही प्रेसफिटची बीबी होती. जुन्या सायकलीसारखे तिला आटे नसतात, फ्रेमच्या गोल नळीत कप नुसता दाबून बसवायचा असतो. नळीचं आतलं माप ४१ मिलिमीटर हवं. व्हर्निअर उभा लावला, ४१ भरलं. आडवा लावला, ४१.२ भरलं. नळी गोलच नव्हती. दोन दशांश मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण दाबून बसणाऱ्या कपाला शतांशाचा फरक समजतो. शिवाय दोन्ही बाजूंचे मध्य एका रेषेत नव्हते. एका बाजूने एक्सल घातला की दुसऱ्या बाजूला तो किंचित खाली मारायचा. अशा ठिकाणी बेअरिंग तिरकं फिरतं, आणि त्यात आमच्या काळ्या मातीची धूळ शिरली की छर्रे लवकरच खराब होतात. मी चिकटवणारं द्रावण लावून कप बसवून दिले आणि आवाज थांबला. पण फ्रेमचं माप कारखान्यातच चुकलेलं आहे, ते तेल्हाऱ्यात बसून कोणी दुरुस्त करू शकत नाही. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, बीबी बदलून टाका.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. तेल्हारा तालुक्याचा बराच भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी क्षारांचं. धुळीने माखलेली सायकल लोक त्याच पाण्याने धुतात, आणि उन्हाळ्यात वरून घामाच्या धारा लागतात त्या वेगळ्याच. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडलेले असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की तिथे बॅटरीत चालते तशी क्रिया सुरू होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी धरतं. जाणकार उत्पादक दोघांच्या मध्ये काचतंतूचा पातळ थर देतात, म्हणजे विजेचा मार्ग तुटतो. स्वस्त फ्रेममध्ये हा थर आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. आमच्या पाण्याने एक-दोन उन्हाळे धुतल्यावर कळतं. एका फ्रेमची सीटपोस्ट आत अशी धरली होती की तेल, गरम पाणी, पिळणं, काहीच चाललं नाही. शेवटी ती करवतीने आतून चिरून तुकड्यांनी बाहेर काढली. दुसऱ्या फ्रेमला पाण्याची बाटली अडकवायच्या बोल्टांचे नट कार्बनमधून सुटून जागेवरच गोल फिरत होते. ज्यांनी अशी सायकल घेतलीच आहे त्यांनी ती नळाच्या गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी, बोअरच्या पाण्याचा पाईप लावू नये. सीटपोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी काढून साफ करावी आणि कार्बनसाठीची पेस्ट लावूनच परत बसवावी.

एवढं साधं कोणी सांगत का नाही? कारण पेटीत कागदच नसतो. उदाहरणार्थ, पुढच्या चिमट्याची वरची नळी कार्बनची असते. लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टार नट ठोकतात, ती आमच्या धंद्याची रोजची रीत आहे. कार्बनच्या नळीत तो ठोकला की आतला थर ओरबाडला जातो आणि चीर तिथूनच सुरू होऊ शकते. तिथे आतून फुगणारा प्लग लागतो. हँडल चिमट्याला जोडणाऱ्या स्टेमचे बोल्टही हाताच्या अंदाजाने आवळून भागत नाही. ते बहुधा पाच न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. खेड्यातला मिस्त्री पन्नास वर्षांपासून चालत आलेली रीतच वापरणार. त्याला दोष देण्याआधी विक्रेत्याने पेटीत एक पानभर सूचना घातल्या होत्या का, हे विचारलं पाहिजे.

लोखंडी फ्रेम आधी वाकते, मग तुटते. वाकलेली दिसते, आणि गावातला वेल्डिंगवाला तिला आणखी काही वर्षं चालवतो. कार्बनमध्ये थर आतून सुटलेले असतात आणि वरचा रंग चकचकीतच राहतो. मी नाणं घेऊन नळीवर टकटक करत पुढे जातो. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बसका. पण नळीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून या तपासणीवर मी कोणाला हमी देत नाही. खरी परीक्षा कारखान्यात होते. ‘आयएसओ ४२१०’ या आंतरराष्ट्रीय मानकात फ्रेमवर पायडलचा जोर एक लाख वेळा देऊन बघतात, साडेबावीस किलोचं वजन वरून पाडून बघतात. विकणाऱ्याकडे मी त्या चाचणीचा अहवाल मागतो तेव्हा बहुतेकदा सायकलीचे आणखी फोटोच येतात. काही जण ‘यूसीआय मान्यता’ लिहिलेला स्टिकर दाखवतात. यूसीआय ही सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना; तिचा शिक्का फ्रेम शर्यतीच्या नियमांत बसते की नाही एवढंच सांगतो, मजबुतीची हमी देत नाही. आणि तो स्टिकर कोणीही छापून आणू शकतो.

यावर मला ऐकवलं जातं की मोठ्या कंपन्यांच्याही वस्तू तुटतात. तुटतातच. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ‘ले सामीं’ शर्यतीत माथ्यू व्हान डर पूलसारख्या अव्वल खेळाडूच्या कॅन्यन सायकलीचं हँडल चालत्या शर्यतीत तुटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने २०१२ ते २०१९ दरम्यान बनलेले अकरा गिअरवाले काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. एकट्या उत्तर अमेरिकेत त्यांचा आकडा सुमारे ७,६०,००० होता. ते तर कार्बनचेही नव्हते, चिकटवून जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे होते. पण पुढे काय झालं तेही बघा. कॅन्यनने त्या मॉडेलच्या ग्राहकांना सायकल चालवू नका असं स्वतःहून कळवलं. शिमानोच्या क्रँकवर कोरलेल्या अक्षरांवरून आपला क्रँक त्या यादीत आहे की नाही हे तेल्हाऱ्यातही तपासता येतं. कटकट वाजणाऱ्या त्या शिक्षकांच्या फ्रेमवर कसलाच नंबर नाही. उद्या त्याच साच्यातल्या फ्रेम कुठे तुटू लागल्या तर त्यांना कोण कळवणार?

मापाचा प्रश्न मला याहून जास्त छळतो, कारण त्यात सायकल तुटत नाही, माणूस आतून दुखावत जातो. वडील गिऱ्हाइकाला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करायचे आणि बावीस इंची द्यायची की चोवीस इंची ते ठरवायचे. आता माप मोबाईलवर ठरतं, तेही शिल्लक मालावर. हिवरखेडकडचा एक कॉलेजचा मुलगा ५६ नंबरची फ्रेम घेऊन आला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. त्याला ५० किंवा फार तर ५२ लागली असती, पण ५६ सात हजारांनी स्वस्त होती. “काका, सीट खाली केली ना मी,” म्हणाला. सीट खाली करता येते. आतून पायाची लांबी ७६ सेंटीमीटर असेल तर ०.८८३ ने गुणून बीबीपासून सीटची उंची सुमारे ६७ येते. सुरुवातीला हा हिशेब पुरतो. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमने ठरवून टाकलेलं असतं. साधा स्टेम असता तर मी आखूड बसवला असता. त्याचं हँडल आणि स्टेम एकाच साच्यातलं, ४४ सेंटीमीटर रुंद, वायरी आतून गेलेल्या. त्यातलं काही बदलायचं तर पुढचं सगळं उघडायचं, ब्रेकच्या नळ्या कापायच्या आणि नवं हँडल विकत घ्यायचं. शेगावपर्यंत जाऊन आला की त्याच्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होतात आणि मान धरते. घरच्यांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिलेली सायकल आहे, त्यामुळे तो घरी बोलतही नाही. एवढ्या पैशात त्याला त्याच्या मापाची, साध्या स्टेमची अ‍ॅल्युमिनियमची अख्खी सायकल आली असती. ती किलोभर जड असती, पण त्याच्या अंगाला बसली असती.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांना एक सांगतो. स्वस्त कार्बनच्या रिंगा आणि रबरी ब्रेक लावून परतवाड्याचा घाट उतरू नका. सतत ब्रेक धरला की रिंगेची कड तापते आणि कार्बनचे तंतू धरून ठेवणारी राळ मऊ पडते. एप्रिल-मेमध्ये तर हवाच चाळीसच्या पुढे असते.

विकणाऱ्यांकडून मला फार काही नको. फ्रेमवर नंबर कोरलेला असावा आणि तोच नंबर बिलावर असावा. चाचणीचा अहवाल मागितल्यावर मिळावा. विकण्याआधी फ्रेमची पूर्ण मापं द्यावीत, नुसतं ‘मीडियम’ सांगू नये. बोल्ट किती आवळायचे त्याचं एक पान मराठीत नाही तर हिंदीत पेटीत घालावं. रिफ्लेक्टरसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्तेचा सक्तीचा आदेश काढला. मग ज्या चिमट्यावर जीव तोललेला असतो त्याच्याबद्दल सरकारने गप्प राहू नये.

तोवर ग्राहकाच्या हातात काहीच नाही असं मात्र नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू बनवणारा कोण हे माहीत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आमच्यासाठी अकोल्यात. १९१५ हा मदत क्रमांकही आहे. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा. मी शिक्षकांना त्या नळीची मापं तारखेसह माझ्या दुकानाच्या कागदावर लिहून दिली आहेत. त्यांनी विक्रेत्याला लेखी पत्र पाठवलं आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आम्ही दोघं अकोल्याला जाऊन अर्ज देणार आहोत.