कालवडीच्या वाट्याची पेंड

दिवाळी सरली की माळावरचं गवत पिवळं पडतं आणि गोठ्यात काटकसर सुरू होते. दुभत्या गाईच्या आंबोणाला हात लावायची सोय नसते. खुराक कमी पडला की दुसऱ्याच दिवशी डेअरीच्या काट्यावर कळतं. मग पाटी उचलली जाते ती कालवडीपुढून. ‘ती काय, दिवसभर चरून येते की!’ हे वाक्य संगमनेरपासून फलटणपर्यंत कुठल्याही गोठ्यात ऐकायला मिळेल. माझ्या मते दूधधंद्यातली सगळ्यात महाग बचत हीच.

चरून येते, कबूल. पण चरते काय? पावसाळ्यात पवना, मारवेल कोवळं असतं, प्रथिनं भरपूर असतात. तेव्हा मोठ्या कालवडीला खनिज मिश्रण आणि मीठ दिलं तरी बरंच भागतं. तेच गवत वाळलं की प्रथिनं 3-4 टक्क्यांवर येतात. कोठीपोटातल्या जिवाणूंना चारा पचवायचा तर त्यात निदान 7 टक्के प्रथिनं लागतात. तेवढी मिळाली नाहीत की जिवाणूच उपाशी राहतात, गवत पोटात पडून राहतं आणि कालवड कमी खाते. मालकाला पोट टम्म दिसतं, म्हणून तो निश्चिंत. पाठीवरून हात फिरवून पाहा, मणके बोटांना लागतात.

काहीजण मायेनं मक्याचा भरडा टाकतात. नुसत्या भरड्यानं इथे काम होत नाही. मक्यात ऊर्जा भरपूर, प्रथिनं जेमतेम 9 टक्के. भरडा जास्त झाला तर वाळलेलं गवत पचवणारे जिवाणू उलट मागे पडतात. सुक्या चाऱ्याला जोड हवी पेंडेची. 4 किलो वाळलेल्या गवतातून सुमारे 140 ग्रॅम प्रथिनं मिळतात, तर एक किलो सरकी पेंड एकटीच 200 ग्रॅमच्या वर देते. दीडशे-दोनशे किलोच्या कालवडीला सरकी पेंड आणि तूर-हरभऱ्याची चुणी मिळून रोज किलो-दीड किलो, 30 ग्रॅम खनिज मिश्रण, मूठभर लसूणघास. एवढ्यानं माळावरचं गवतही अंगी लागायला लागतं. चार कालवडी असतील तर पाट्या वेगळ्या ठेवा किंवा त्यांना दावणीला बांधून खाऊ घाला; नाहीतर दांडगी तिघींचं खाते आणि गरीब कालवड नुसती बघत राहते.

हात सैल सोडायचाही नाही. वयात येण्याआधी कालवड फार चरबट झाली तर कासेत दुधाच्या ग्रंथींच्या जागी चरबी साठते. पुढे गाय दिसायला देखणी, धारेला हलकी. रोज साडेचारशे-पाचशे ग्रॅम वाढ संकरित कालवडीला पुरे. पंचवीस-तीस किलोचं वासरू त्या हिशेबानं सोळाव्या महिन्यात अडीचशे किलोच्या आसपास जातं आणि 400 किलोच्या गाईची कालवड रेतनाला याच वजनावर न्यायची असते. म्हणजे पंचविसाव्या-सव्विसाव्या महिन्यात वेत. उन्हाळाभर वाढ खुंटलेली कालवड तिसरं वर्ष उलटलं तरी माजावर येत नाही. मग डॉक्टर, इंजेक्शनं, नशीब, सगळ्यांना बोल लावून होतो. पेंडेचं नाव कुणी काढत नाही.

वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून बुडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत अंदाजे वजन आलं. घेर 56 आणि लांबी 48 भरली तर 228 किलो. ही कालवड माजावर आली तरी एक-दीड महिना थांबा. महिन्यातून एकदा हे माप गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा आणि दोन महिने आकडा हलला नाही तर बाजारातून येताना पेंडेचं पोतं घेऊन या.