आधी जिना, मग घुमट

आर्किटेक्चर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना ज्युरीसमोर एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "हे समाजकार्य झाले, यात आर्किटेक्चर कुठे आहे?" आमच्या सरावलीतली एक मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. वडील तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई धुणीभांडी करते. थीसिससाठी तिने विषय घेतला तो वस्तीतले जुने समाजमंदिर आणि त्याच जागेवर नवा विहार व अभ्यासिका. पहिल्याच ज्युरीत तिला हे वाक्य मिळाले. वर सल्लाही मिळाला की विषय जरा मोठा कर, किनाऱ्यावर रिसॉर्ट घे, नाहीतर आदिवासी कलेचे संग्रहालय घे, दर्शनी भिंतीवर वारली चित्रे घाल म्हणजे 'लोकल टच' येईल.

मी समाजशास्त्राचा माणूस. वास्तुकलेचा नाही (आणि वास्तुशास्त्र नावाच्या भोंदूगिरीशी तर आपला संबंधच नाही). पण गेले काही महिने या मुलीच्या टेपचे दुसरे टोक धरून फिरलो आहे. त्यामुळे या वाक्यावर, आणि आपल्याच लोकांच्या एका सवयीवर, स्पष्ट लिहिणे भाग आहे.

वास्तू 'सुचते' असा एक समज आहे. कोणी प्रतिभावंत डोळे मिटतो, त्याला आकार दिसतो, तो कागदावर उतरवतो. कॉलेजात याला 'कन्सेप्ट' म्हणतात. कमळ, पाकळी, लाट, पंख असे काहीतरी आधी सांगावे लागते. या मुलीने कन्सेप्ट सांगितलाच नाही. ती आठवडाभर समाजमंदिराच्या पायरीवर वही घेऊन बसली. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कोण येते, किती वेळ थांबते, कुठे बसते आणि कोण आत न येता बाहेरूनच परत जाते, एवढेच लिहीत राहिली.

त्या वहीत जे निघाले ते एमएच्या दोन वर्षांत मला कोणी शिकवले नव्हते. समाजमंदिर म्हणजे वीस बाय तीस फुटांची एक खोली. समोर शटर, दोन बाजूंना खिडक्या, त्यातली एक कपाट लावून बंद केलेली. रविवारी वंदना, वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन, एप्रिलमध्ये जयंती, अधूनमधून साखरपुडा, पुण्यानुमोदन. उरलेला वेळ कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या घरी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे किल्ली मागायला जातात तेव्हा अध्यक्ष ड्युटीवर असतात. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेल्या पोराच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, तो दिवसा झोपणार कुठे आणि वाचणार कुठे? मुली तर किल्ली मागायलाच जात नाहीत. बायका जयंतीचे जेवण खोलीमागच्या उघड्या जागेत तीन दगडांवर रांधतात, आणि आत भाषण सुरू झाले की त्यांना शब्द ऐकू येत नाही. शौचालय नाही. म्हणून कार्यक्रम लांबला की आधी उठून जातात त्या बायकाच. आपण मात्र व्यासपीठावरून म्हणतो, महिलांचा सहभाग कमी आहे.

हे सगळे तिने नकाशावर मांडले. कोणाची पावले कुठपर्यंत जातात आणि कुठे थांबतात, वेगवेगळ्या रंगांत. ज्युरीला हे आर्किटेक्चर दिसले नाही! मग आर्किटेक्चर म्हणजे काय? माणसाने कुठे यावे, कुठे थांबावे, कोणाला दार असावे आणि कोणाला भिंत, हे ठरवण्याला दुसरे काय नाव आहे? गावकुसाबाहेर वस्ती, विहिरीपासूनचे अंतर, देवळाची पायरी, वाऱ्याची दिशा पाहून ठरवलेला महारवाडा, हा सगळा जातीने काढलेला नकाशाच होता. त्यावर कोणाची सही नव्हती एवढेच.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, त्यात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. आर्किटेक्चरच्या भाषेत याला 'सेक्शन' म्हणतात, म्हणजे इमारत उभी कापून आत काय आहे ते दाखवणे. वरून पाहिलेल्या नकाशात सगळे सारखे दिसतात, उभे कापले की कोण कोणाच्या डोक्यावर आहे ते कळते. मी हे त्या मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "दादा, आम्हाला पहिल्या वर्षी सेक्शन शिकवतात, पण हे उदाहरण कोणी दिलं नाही." देणार कसे? ज्यांच्या हातात हा अभ्यासक्रम राहिला, त्यांना मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरून जिन्याची गरज कधी पडलीच नव्हती.

आता त्या 'लोकल टच'बद्दल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याचे मुख्यालय सिडकोने पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला उभे केले. भव्य आहे, बघायला लोक थांबतात. पण जव्हार-मोखाड्याहून दाखल्यासाठी आलेली बाई दिवसभर कुठे टेकते ते बघा, मग त्या भव्यतेवर बोलू. वारली घराचेही तेच. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यामुळे आत गारवा. हे बांधकामाचे ज्ञान आहे. लग्नाचा चौक त्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, त्याला विधीचा अर्थ आहे. आर्किटेक्चरच्या स्टुडिओने यातले ज्ञान सोडले, अर्थ सोडला, आणि चित्र तेवढे उचलून काचेच्या इमारतीवर चिकटवले. ज्याने कूड बांधला त्याच्या मुलाला त्याच स्टुडिओत बसायला खुर्ची नाही. या मुलीने भिंतीवर एकही वारली चित्र काढले नाही. मी म्हणतो, आदिवासी बांधवांचा याहून मोठा आदर दुसरा नाही.

इथपर्यंत आपल्या लोकांच्या टाळ्या मिळतील. पुढचे ऐकायला जड जाईल.

ज्युरीनंतर हा नकाशा तिने वस्तीच्या कमिटीसमोर ठेवला. पहिला प्रश्न आला, "घुमट कुठे आहे?" दुसरा, "दीक्षाभूमीसारखं नाही वाटत." तिसरा प्रश्न आलाच नाही. वाऱ्याचे, शौचालयाचे, किल्लीचे कोणी विचारले नाही.

घुमटाचा आग्रह मला समजतो. तो मूर्खपणा नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या बाहेर, नजरेआड ठेवले त्यांना आपली वास्तू लांबून ओळखू यावी असे वाटणारच. रस्त्याने जाणाऱ्याला कळले पाहिजे की इथे आम्ही आहोत. पण मग दीक्षाभूमीकडे नीट बघा. वास्तुविशारद शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपाची नक्कल केली नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत माणूस जात नाही, बाहेरून प्रदक्षिणा घालतो. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, कारण इथे लाखो माणसे येतात, त्यांना आत घ्यायचे होते. आकार जुना, पण तो बदलला माणसांसाठी. आपण वस्तीत नक्कल करतो ती फक्त बाहेरच्या गोलाईची. स्लॅबवर सिमेंटचा घुमट, त्याला पांढरा रंग, आणि त्यापायी संडासाचे आणि खिडक्यांचे पैसे संपले.

फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात सोपाऱ्याचा स्तूप आहे, पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला. आणि लोकल पकडून बोरिवलीला उतरलात तर कान्हेरी. शंभरावर लेणी. तिथे मूर्तींसमोर फोटो काढून झाला की जरा जमिनीकडे बघा. खडकात कोरलेले पाण्याचे पाट, लेण्यालेण्याजवळ पाण्याची टाकी, झोपायला दगडी ओटे, ज्याला दरबार म्हणतात त्या लेण्यात लांबच लांब बाके. पावसाचे पाणी कुठून येणार, संघ कुठे बसणार, कुठे झोपणार, याचा विचार आधी झाला. विहार या शब्दाचा अर्थच राहण्याची जागा. आपण त्याचे कुलूपबंद देवघर करून ठेवले आहे, आणि हे काम कोणा मनुवाद्याने केलेले नाही.

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध आपली माणसे उतरली, सरकारला काम थांबवावे लागले. का उतरली? आमच्या जागेचा आराखडा आम्हाला न विचारता काढलात, हा त्या संतापाचा गाभा होता. बरोबरच होते. मग वस्तीतल्या समाजमंदिराचा आराखडा कोण काढतो? दलित वस्तीच्या निधीतून काम आले की अभियंत्याच्या टेबलावर एक ठरलेला नकाशा असतो, त्यावर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ठेकेदार, उद्घाटनाची फीत. कधी कोणी वस्तीतल्या बाईला विचारले की चूल कुठे हवी? नागपूरसाठी आपण रस्त्यावर येतो आणि आपल्या गल्लीत ठेकेदाराच्या नकाशावर नारळ फोडतो. (नारळ अजून फोडला जातो, त्यावर वेगळे लिहावे लागेल.)

या मुलीने यातून जी वाट काढली ती मला फार मोलाची वाटते. तिच्या लक्षात आले की नकाशा कमिटीतल्या तिघाचौघांनाच वाचता येतो. बाकीचे मान डोलावतात. म्हणून तिने मॉडेल केले. कॉलेजात मॉडेल असते ज्युरीसाठी, महागड्या माउंट बोर्डचे, लेझरने कापलेले, पांढरेशुभ्र. त्याचा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीत नाही. महाडीबीटीवरून शिक्षण शुल्क येते, तेही कधी येते ते विचारू नका, पण बोर्ड, प्रिंट, कटिंग यांचे पैसे घरातून. शेजारच्या टेबलावरचे मॉडेल हजारोंचे आणि हिचे खोक्याच्या पुठ्ठ्याचे, आणि ज्युरी गुण देणार 'प्रेझेंटेशन'ला. गुणवत्ता म्हणतात ती हीच काय?

तर पुठ्ठ्याचे मॉडेल. छप्पर उचलता येईल असे, भिंती सरकवता येतील अशा, टाचण्यांवर कागदी माणसे. रविवारी वंदनेनंतर ते समाजमंदिराच्या फरशीवर ठेवले. आधी पोरे जमली. मग बायका वाकल्या. एका आजींनी काही न बोलता स्वयंपाकाची भिंत बोटाने सरकवली आणि सभागृहाला लावली, मध्ये मोठी खिडकी हवी म्हणाल्या, म्हणजे भाषण ऐकू येईल. दुसऱ्या ताईंनी शौचालयाचे दार फिरवले, ते पुरुषांच्या पायऱ्यांसमोर येत होते. कारखान्यांकडून वारा आला की वास आत येतो, ही बाजू बंद ठेव, असे एका काकांनी सांगितले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. ते काकांना कोणी सांगितले नव्हते, त्यांच्या नाकाला माहीत होते. अर्ध्या तासात जेवढे बदल झाले तेवढे तिच्या म्हणण्याप्रमाणे स्टुडिओत महिनाभरात होत नाहीत. पुठ्ठ्याची भिंत कोणालाही हलवता येते. सिमेंटची झाल्यावर मोर्चा काढावा लागतो.

मॉडेलमध्ये सर्वांत जास्त भांडण झाले ते जिन्यावरून. अभ्यासिका वरच्या मजल्यावर आहे आणि तिचा जिना बाहेरून, थेट रस्त्यावरून चढतो. म्हणजे खालचे सभागृह बंद असले तरी पोरे चोवीस तास वर जाऊ शकतात. कमिटीतल्या ज्येष्ठांना हे मान्य नाही. "लक्ष कोण ठेवणार?" असे ते विचारतात. त्यांची काळजी अगदीच खोटी नाही, वस्तीत दारूचा त्रास आहे. पण जिना आत घेतला की अभ्यासिकेला पुन्हा तीच किल्ली लागणार. मनोऱ्याला जिना नाही म्हणून ज्यांनी शंभर वर्षे लढा दिला, त्यांच्याच वस्तीत जिना कुलपाच्या आत घ्यायचा? मी या बाबतीत मुलीच्या बाजूने आहे आणि राहणार. उजेड लावा, जिन्यासमोर बाकडे टाका, पाळीने बसा. घुमटाबद्दल मात्र तडजोड करायला माझी हरकत नाही. बोधिवृक्षाचे अंगण रस्त्याकडे उघडे ठेवले आहे, त्यावर पंचशील ध्वज असेल, ओळख तिथे होईल. तरीही घुमट हवाच असेल तर तो शेवटच्या टप्प्यात, वर्गणीतून. निधीतून आधी पाणी, शौचालय, खिडक्या, जिना.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या विचारांचा आणि विटा-सिमेंटचा काय संबंध? परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ग्रंथ मावेनात म्हणून त्यांनी दादरला राजगृह बांधले, आणि पुस्तकांना जागा हवी हे त्या घराच्या आराखड्यात आधी होते. कर्ज काढून लोक दिवाणखाना बांधतात, या माणसाने ग्रंथालय बांधले. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारतानाही ते जातीने लक्ष घालत. घटनेचा मसुदा लिहिणाऱ्याला खिडकी कुठे असावी याचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्या कार्यकर्त्यांना वाटते.

म्हणून आर्किटेक्चर शिकणाऱ्या आपल्या मुलांना सांगणे आहे : रिसॉर्ट घेऊ नका. गुण थोडे कमी पडतील, पडू द्या. आपल्या वस्तीची मोजणी करा, ती वही कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊ द्या, पुढच्या पोराला ज्युरीसमोर दाखवायला आधार होईल. आणि जे शिकत नाहीत त्यांनी निदान आपल्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते आणि ती कोणाला मिळत नाही, एवढे एक महिना लिहून काढावे.

सरावलीत पुढचे काम असे आहे. नूतनीकरणाच्या अर्जाला या मुलीचा नकाशा जोडायचा कमिटीने ठरवले आहे, जिन्याचा मुद्दा राखून. पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी होईपर्यंत तिला स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. विद्यार्थिनीचा कागद म्हणून तो बाजूला पडू नये, यासाठी त्याखाली नोंदणीकृत वास्तुविशारदाची सही हवी. पालघर-बोईसर ते विरार या पट्ट्यात आपला असा कोणी असेल तर तिची शेवटची ज्युरी होण्याआधी एक रविवार सरावलीला यावे. मॉडेल समाजमंदिरातच आहे, वंदना दहाला संपते.