उघड लिलाव आणि बंद वर्ग

लासलगावी कांद्याचा भाव चारचौघांत ठरतो. ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी मूठभर कांदे हातात घेऊन पारखतात, बोली पुकारली जाते आणि शेवटचा आकडा शेतकरी, मापारी, हमाल व शेजारचा स्पर्धक असे सर्वच जण ऐकतात. नियंत्रित बाजार येण्यापूर्वी अनेक पेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. त्या रीतीला हत्ता म्हणत. १९४७ साली स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीसारख्या संस्थांमुळे उघड लिलाव हीच बाजाराची रीत झाली. उघडेपणामुळे भाव दर वेळी चढाच मिळतो असे नाही. परंतु तो कसा ठरला हे सर्वांना कळते आणि काही चुकत असेल तर त्यावर बोलता येते.

व्यापारी घरांतील अनेक मुलेमुली आज अभियांत्रिकीकडे वळतात आणि त्यांपैकी काही जण अध्यापनातच स्थिरावतात. अशा घरात एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा प्राध्यापक झाला किंवा सून व्याख्याती झाली, पगार सुरू झाला. मग शिक्षकांच्या संघटनेची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरणे, सुटीच्या दिवशी परिषदेला जाणे, परक्यांचे निबंध तपासणे हा खटाटोप कशासाठी? पेढीवर बसणाऱ्या थोरल्या काकांना यात नफा दिसत नाही. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हिशेब मागणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. म्हणून उत्तरही हिशेबानेच द्यावयास हवे.

पेढीवर चूक झाली तर रात्री रोजमेळ जुळत नाही. अध्यापकाचे तसे नसते. वर्गाचे दार लागले की आत काय शिकवले गेले आणि त्यातले किती मुलांपर्यंत पोहोचले, हे बाहेर कोणालाच दिसत नाही. अध्यापनाचा सौदा आजही रुमालाखालीच होतो. चूक झालीच तर ती चार वर्षांनी, पदवीधराच्या पहिल्या मुलाखतीत किंवा त्याच्या हातून बिघडलेल्या पहिल्या कामात उघड होते. तोवर आईवडिलांची पुंजी आणि मुलाची उमेदीची वर्षे खर्ची पडलेली असतात. शिवाय अभियांत्रिकीचा अध्यापक बहुधा उत्तम अभियंता म्हणून घडलेला असतो. शिकवावे कसे, हे त्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. शाळेच्या शिक्षकाला बी.एड. करावे लागते. महाविद्यालयाच्या फळ्यासमोर मात्र तरुण अध्यापक एम.टेक. होऊन थेट उभा राहतो.

ही उणीव भरून काढण्यासाठीच शिक्षक एकत्र आले. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेतील अभियांत्रिकीचे अध्यापक जमले आणि त्यांनी आपली संस्था काढली. तीच आज अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशन या नावाने ओळखली जाते. भारतात १९४१ साली तंत्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांनी आपली संघटना स्थापली. १९६८ साली तिचे रूपांतर इंडियन सोसायटी फॉर टेक्निकल एज्युकेशन या संस्थेत झाले. हा बदल नावापुरता नव्हता. प्राचार्यांपुरते असलेले व्यासपीठ त्यामुळे सामान्य अध्यापकाला खुले झाले. एकदा वर्गणी भरली की अध्यापकाला आजीव सभासदत्व मिळते. महाविद्यालयात अध्यापकांची शाखा काढता येते आणि विद्यार्थ्यांचीही वेगळी शाखा असते. वार्षिक अधिवेशने, अल्प मुदतीची प्रशिक्षणे आणि तंत्रशिक्षणाला वाहिलेले नियतकालिक ही संस्थेची नित्याची कामे आहेत.

एकत्र येण्याचे बळ किती असते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २०१० च्या सुमारास मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. दीपक फाटक यांनी या संस्थेच्या नावाने अध्यापकांच्या दोन-दोन आठवड्यांच्या कार्यशाळा घेतल्या. संगणक-प्रोग्रामिंग परिणामकारकपणे कसे शिकवावे, हा त्यांतील एक विषय. विशेष असे की अध्यापकांना मुंबईला यावे लागले नाही. देशभरातील महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे उभारली गेली आणि तेथे बसून अध्यापकांनी थेट व्याख्याने ऐकली, प्रश्न विचारले. पुढे दहा हजार अध्यापकांना प्रशिक्षित करण्याचा मोठा उपक्रम यातूनच विस्तारला. आडगावच्या महाविद्यालयातील अध्यापक आणि आय.आय.टी.तील प्राध्यापक एकाच वर्गात बसले, ते संघटनेच्या धाग्यामुळे.

लासलगावच्या वाचकांना याचा संबंध दूरचा वाटू नये. शेजारच्या चांदवडला केशवलालजी आबड, म्हणजे सर्वांचे काकाजी, यांनी १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली आणि त्याच संस्थेच्या छायेत २००४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालते. परिसरातील अनेक घरांची मुले तेथे शिकतात. विषयही घरचेच आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ साली लासलगावी सुरू झाले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याला कोंब फुटणे थांबते. पण वजनातील घट आणि कूज तेवढ्याने थांबत नाही. त्यासाठी चाळीतील उष्णता, दमटपणा आणि खेळती हवा यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब म्हणजेच अभियांत्रिकी.

समजा, एखाद्या अध्यापिकेने उष्णता-वहनाचा धडा कांद्याच्या चाळीवरून शिकवला. मुले रमली, टाळ्या पडल्या. ती एकटीच असेल तर गोष्ट तेथेच संपते. तिने तो प्रयोग अधिवेशनात मांडला, तर द्राक्षाच्या किंवा उसाच्या मुलखातला कोणी अध्यापक उठून विचारील, ‘मुले रमली हे ठीक, पण नवे गणित त्यांना स्वतःहून सुटले का? आधीच्या वर्षीच्या मुलांशी तुलना केलीत का?’ हा प्रश्न बोचरा असतो, पण शिकवण्याची पारख त्यातूनच होते. कांदा हातात घेऊन दाबून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

खटाटोप निष्फळ होण्याचाही एक मार्ग आहे आणि तो बराच रुळलेला आहे. केवळ बढतीच्या गुणांसाठी सभासद व्हायचे, प्रमाणपत्र घेऊन दुपारीच निघायचे आणि ते फाइलीत लावायचे, असे करणाऱ्याच्या बाबतीत काकांची शंका पूर्णपणे खरी ठरते. खरा सहभाग लहान कामापासून सुरू होतो. पहिल्या वर्षी नुसते ऐकावे. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी-शाखेची जबाबदारी घ्यावी किंवा एखाद्या कार्यशाळेची नोंदणी सांभाळावी. तिसऱ्या वर्षी आपल्या वर्गातील एक फसलेला प्रयोग आकडेवारीसह मांडावा. फसलेला एवढ्यासाठी, की यशाच्या कहाण्या सर्वच जण सांगतात. इतरांचा वेळ वाचतो तो फसगतीच्या प्रामाणिक हिशेबाने.

आता प्रश्न उरतो तो समाजाचा. शिक्षणसंस्थांना उदार हस्ते देणे ही व्यापारी घरांची जुनी परंपरा आहे आणि अनेक जण संस्थांच्या विश्वस्त मंडळांवरही बसतात. इमारतीसाठी, सभागृहासाठी, प्रवेशद्वारासाठी देणगी सहज निघते, कारण तिची पाटी दिसते. अध्यापकाची वर्गणी, अधिवेशनाचा प्रवासखर्च, आठ दिवसांची भरपगारी रजा यांची पाटी कोठेच लागत नाही. तरीही एका प्रवेशद्वाराच्या खर्चात कितीतरी अध्यापक वर्षानुवर्षे शिकत राहू शकतील. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत हा एक विषय निघाला, आणि अधिवेशनाहून परतलेल्या अध्यापकाने सर्व सहकाऱ्यांसमोर तासभर बोलावे एवढी एकच अट घातली गेली, तरी दिलेला पैसा वसूल होईल.

काकांना उत्तर द्यायचे ते इतकेच. सून सुटीच्या दिवशी परिषदेला निघाली असेल, तर ती घराबाहेर रमायला जात नाही; आपला माल चारचौघांत पारखून घ्यायला जाते. तिच्या वर्गात बसलेले मूल उद्या आपल्याच घरातले असू शकेल.