पाव इंचाची माया

‘एका दिवसात क्विल्ट’ अशी जाहिरात वाचून मी दोन वर्षांपूर्वी एका वर्गाला पैसे भरले. लांब पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, तो जोड आडवा कापा, तुकडे उलटसुलट लावून पुन्हा शिवा. संध्याकाळपर्यंत बुद्धिबळाचा पट तयार! झालाही; फक्त एकाही घराचा कोपरा शेजारच्याशी बोलत नव्हता.

घरी येऊन टेप लावली. अडीच इंची आठ पट्ट्या. दोन्हीकडून पाव-पाव इंच माया गेली की प्रत्येक पट्टी दोन इंच उरते. टोकांची माया धरून जोड साडेसोळा इंच भरायला हवा. माझा पावणेसोळाही भरेना. टीप अर्धं सूत आत पडत होती, इंचाचा फार तर सोळावा भाग. पण ती दोन्ही पट्ट्यांतून खाते, आणि टिपा सात. पाऊण इंचाहून जास्त कापड मायेतच गडप.

शिवाय जोड धनुष्यासारखा वाकलेला. मशीनचे दात खालचं कापड थोडं जास्त ओढतात आणि मी सगळ्या टिपा एकाच टोकाकडून मारल्या होत्या. एक टीप वरून, पुढची खालून मारली की ओढ फिटते. हे वर्गात कुणी सांगितलं नाही. इस्त्रीचंही तेच. ती घासायची नसते, उचलून ठेवायची असते. आधी मिटलेल्या शिवणीवर, मग माया एका बाजूला पाडून. मी शर्टावर फिरवतात तशी फिरवली आणि पट्ट्या ताणून ठेवल्या.

आमच्या सांगलीकडे आई वाकळ शिवायची, तेव्हा टेप नव्हतीच. खाली जुनेर अंथरायचं, कडेपासून आत चिंध्या लावत धावदोरा घालत जायचं. जागा उरली तेवढी चिंधी. वाकडी बसली तर पुढची तिच्यावर चढायची, चूक तिथेच झाकली जायची. पट्ट्यांच्या कामात चूक झाकत नाही, आडव्या कापाबरोबर तिच्याही तेवढ्याच प्रती निघतात.

म्हणून ही पद्धत वाईट असं मी म्हणणार नाही. फ्लोरिडातल्या सेमिनोल बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातमशीनवर अशाच पट्ट्या जोडून, कापून, पुन्हा जोडून काय नाजूक काम केलंय! तक्रार ‘झटपट’ या शब्दाशी आहे. वेळ शिवण्यात वाचतो, तो मापण्यात आणि इस्त्रीत भरावा लागतो. वर्ग घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी नक्षी दाखवूच नये. तीन पट्ट्या द्याव्यात, जोडायला लावाव्यात आणि मधली बरोब्बर दोन इंच भरेपर्यंत उसवायला लावावं. निम्मी गिऱ्हाइकं पळतील, पळू देत.

माझा पट अजून कपाटात आहे. मधल्या दोन ओळी उसवून झाल्यात, बाकीच्या रविवारी.